सुगंधी तंबाखूवर बंदी, मग मेंथॉलच्या सिगारेटला मोकळीक का? आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री, नवी दिल्ली
आणि
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : मेंथॉल आणि इतर स्वादांच्या सिगारेटींवर बंदी घालण्याबाबत, आणि त्या बंदीचा बडगा नेमका कुणावर उगारायचा त्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवते. माझ्याकडे आलेल्या माणसाला मी दात तपासण्याआधी एक काम सांगते: स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरायची आणि तोंडात घालायची. निरोगी माणसाची तीन बोटं आरामात जातात. वर्षानुवर्षं खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, चघळणाऱ्याची दोन जातात, एखाद्याचं एकच बोट जेमतेम शिरतं. गालाची आतली बाजू पांढरट आणि ताठ झालेली असते, तिखटाचा घास लागला की डोळ्यांत पाणी येतं. आणि माणूस म्हणतो, ‘मॅडम, निस्ती दाढ काढून द्या, बाकी काई नाई.’ दाढ काढायची तर आधी तोंड उघडायला हवं ना! या आजाराचं मूळ सुपारीत आहे, आणि जोडीला तंबाखू असला की कर्करोगाची भीती आणखी वाढते.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पत्राचा भलता अर्थ निघायला नको. गुटख्यावरची बंदी उठवा, असं माझं अजिबात म्हणणं नाही. ती राहायलाच हवी. माझी तक्रार वेगळी आहे. ज्या कारणासाठी तुम्ही गरिबाची पुडी बंद केलीत, तेच कारण सिगारेटच्या चकचकीत पाकिटात बसलेलं असतं, तेव्हा तुमच्या कायद्याला ते दिसत नाही.

जरा क्रमाने बघू या. अन्नसुरक्षा कायद्याखालच्या 2011च्या नियमांनी कुठल्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घालायला मनाई केली. 2012च्या जुलैत महाराष्ट्राने गुटखा आणि पानमसाला बंद केला. पुढे सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा, मावा हे सगळं त्यात आलं. अन्नसुरक्षा आयुक्तांना अशी बंदी एका वेळी जास्तीत जास्त वर्षभराचीच घालता येते, म्हणून तो आदेश दर वर्षी नव्याने काढावा लागतो. 2017च्या डिसेंबरात मुंबईत कमला मिलमध्ये आग लागली आणि त्यानंतर 2018मध्ये राज्याने कोटपा कायद्यात, म्हणजे 2003च्या सिगारेट आणि अन्य तंबाखू उत्पादने कायद्यात, स्वतःपुरती दुरुस्ती करून हुक्का पार्लर बंद केले. 2019च्या सप्टेंबरात केंद्राने वटहुकूम काढून ई-सिगारेट बंद केली, त्याचा कायदाही लगोलग झाला. 2020च्या सप्टेंबरात महाराष्ट्राने सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला मनाई केली.

चघळायचा सुगंधी तंबाखू बंद. हुक्का पार्लर बंद. ई-सिगारेटची फळाफुलांच्या वासाची वाफ बंद. या सगळ्या रांगेतून एकच सुगंधी तंबाखू ताठ मानेने बाहेर पडला आणि आज कुठल्याही पानठेल्यावर समोरच्या फळीवर मांडलेला दिसतो. तो म्हणजे मेंथॉलची, पुदिन्याच्या गारव्याची, सिगारेट आणि फिल्टरमध्ये स्वादाची गोळी बसवलेली सिगारेट. तिच्यावर कर आहे, धोक्याचं चित्र आहे, बाकी आडकाठी काही नाही.

ही गोळी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, होस्टेलवर राहतो. सुट्टीत आला तेव्हा त्याच्या बॅगेत पाकीट सापडलं. आरडाओरडा न करता मी त्यालाच म्हटलं, दाखव कसं असतं ते. फिल्टरवर एक छोटासा ठिपका छापलेला असतो. तिथे अंगठा आणि तर्जनीने चिमटीत धरून दाबलं की ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, आतला थेंब फुटतो आणि फिल्टर ओलसर होतो. त्यानंतरचा झुरका गार लागतो. न फोडता अर्धी ओढायची आणि मग फोडायची, हाही एक खेळ. मुलं तो एकमेकांना शिकवतात. मी विचारलं, साधी का नाही ओढत? त्याने दोन कारणं दिली. ‘मावशी, साधी घशाला लागते गं. आणि हिचा घरी वास येत नाही.’

मंत्रिमहोदय, तुमच्या मंत्रालयात या विषयावर किती फायली असतील मला ठाऊक नाही, पण त्या सगळ्यांचं सार या दोन वाक्यांत आहे.

घशाला लागतं, ठसका येतो, डोकं गरगरतं, हे पहिल्या सिगारेटला शरीराने दिलेलं उत्तर असतं. पुष्कळ मुलं तिथेच थांबतात. मेंथॉल नेमकं तिथे काम करतं. आपल्या तोंडातल्या आणि घशातल्या मज्जातंतूंवर थंडी ओळखणारे ग्राहक असतात, मेंथॉल त्यांना चेतवतं. प्रत्यक्षात गारवा नसतोच, मेंदूला तसा निरोप जातो. धुराचा बोचरेपणा त्याखाली दबतो. झुरका आत घेणं सोपं जातं, आणि निकोटीन मात्र नेहमीसारखंच पोचतं. वर ‘ही लाइट असते’ असा समज पसरतो. माझ्या दवाखान्यात तर एकाने सर्दीवर बरी पडते म्हणूनही सांगितलं! बाम छातीला चोळतात, तशी ही ओढायची. पुदिन्याच्या वासाला आपल्या मनात औषधाची जागा आहे आणि विकणाऱ्याला ते पक्कं माहीत आहे.

दुसरं कारण, वासाचं, हे आपल्याकडचं खास. मोठ्यांसमोर सिगारेट ओढायची नाही, हा आपल्या घरांतला जुना धाक. त्या धाकाने किती पोरं वाचली याची मोजदाद कुणी केलेली नाही, पण वाचली हे नक्की. स्वादाची गोळी तो धाकच काढून घेते. 2019च्या शाळकरी मुलांच्या राष्ट्रीय पाहणीत 13 ते 15 वयातली 8.5 टक्के मुलं कुठला ना कुठला तंबाखू वापरताना आढळली. या वयाच्या मुलाला सिगारेट विकणं गुन्हा आहे, शाळेपासून शंभर यार्डांत विकणंही गुन्हा आहे, आणि कोटपात त्याला दंड आहे दोनशे रुपयांपर्यंत.

आता माझा मुख्य आक्षेप, तो म्हणजे तुमच्या दोन मापांचा.

आमच्याकडे खर्रा कसा बनतो ते तुम्ही पाहिलं असेल. सुपारीची बारीक भुकटी, तंबाखू, चुना, हे सगळं पन्नीत घालून पानठेलेवाला पाटीवर हाताने घोटतो. तंबाखू सुगंधी असला की तो गुन्हेगार. गुटख्याचा साठा किंवा वाहतूक करणाऱ्यांवर तर आपल्या राज्यात भारतीय दंड संहितेचं कलम 328 लावलं गेलं, ज्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती. ते कलम विषप्रयोगाचं! ते लावावं की नाही यावर उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद झाले. त्याच पानठेल्यावर, त्याच माणसाच्या हाताने, त्याच गिऱ्हाइकाला गोळीची सिगारेट दिली तर तो कायदेशीर धंदा. दोन्हींत तंबाखू आहे. दोन्हींत वरून घातलेला स्वाद आहे. एक हाताने घोटलेला आहे आणि एक यंत्राने गुंडाळलेला, एवढाच काय तो फरक मला दिसतो.

तुमचे अधिकारी सांगतील की मॅडम, खर्रा तोंडात जातो म्हणून तो अन्न ठरतो, सिगारेट अन्न नाही, तिला वेगळा कायदा आहे. मान्य. पण मग त्या वेगळ्या कायद्यात स्वादाबद्दल कलम घालायला कुणी अडवलं होतं? कोटपात टार आणि निकोटीनच्या कमाल मर्यादेची सोय 2003पासून आहे. स्वादाबद्दल एक ओळ नाही. भारताने जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार 2004मध्ये मान्य केला. त्याच्या नवव्या आणि दहाव्या कलमांखाली मार्गदर्शक सूचना आहेत. तंबाखू चवीला बरा लागावा म्हणून घातलेल्या घटकांवर निर्बंध किंवा बंदी आणा, असं त्यांत म्हटलं आहे. या कराराच्या सदस्य देशांची परिषद 2016मध्ये आपणच ग्रेटर नोएडात भरवली. 2021च्या सुरुवातीला कोटपा दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी ठेवला गेला, त्यात सिगारेट विकत घेण्याचं वय 18वरून 21 करण्याची आणि सुटी विक्री बंद करण्याची तरतूद होती. त्याचा कायदा व्हायचा तो राहिलाच.

हे दोन मापांचं प्रकरण जगात एकदा कोर्टाची पायरी चढून आलं आहे. अमेरिकेने 2009च्या कायद्याने सिगारेटमधले लवंग, फळं, चॉकलेट असे सगळे स्वाद बंद केले आणि मेंथॉल तेवढं वगळलं. लवंगेच्या सिगारेटी इंडोनेशियातून येत, मेंथॉलच्या अमेरिकेत बनत. इंडोनेशियाने जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली आणि 2012मध्ये संघटनेच्या अपील मंडळाने निकाल दिला की सारख्याच मालाला वेगळी वागणूक देणं नियमात बसत नाही. म्हणजे गुटख्यावर आपण बंदी घातली त्याच वर्षी! इंडोनेशियाला निदान देश म्हणून तक्रार करता आली. आमच्या चौकातल्या खर्रा घोटणाऱ्याने कुठे जायचं? त्याच्या मालाची मी वकिली करत नाही, त्याचा माल माझ्या पेशंटांचे जबडे बंद करतो. पण त्याला पकडणाऱ्या माणसाच्या तोंडात गोळीची सिगारेट असू शकते, आणि त्यात बेकायदा काहीच नसतं, हे त्यालाही दिसतं. अशाने कायद्याची पत जाते.

अमेरिकेची पुढची गोष्टही तुमच्या कामाची आहे. 2011मध्ये तिथल्या तज्ज्ञ समितीने सांगितलं की मेंथॉल बाजारातून गेलं तर लोकांच्या आरोग्याचा फायदा होईल. बंदीचा प्रस्ताव यायला 2022 उजाडलं. मग तो लांबत गेला आणि 2025च्या जानेवारीत मागे घेण्यात आला. विरोधकांमध्ये सिगारेट कंपन्या होत्याच, पण एक खरी भीतीही होती. तिथे मेंथॉल ओढणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण फार मोठं आहे, आणि ते काही आपोआप झालेलं नाही, कंपन्यांनी अनेक दशकं त्यांच्याच वस्त्यांत जाहिराती केल्या. आता बंदी आली तर पोलिसांना त्यांना अडवायला आणखी एक निमित्त मिळेल, असं लोक म्हणत होते. 2014मध्ये न्यूयॉर्कमध्ये एरिक गार्नर हा माणूस पोलिसाने गळा आवळल्याने मेला, त्याच्यावर संशय होता सुट्या सिगारेटी विकण्याचा. ओढणाऱ्याला आम्ही हात लावणार नाही, नियम सिगारेट बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना आहे, असं तिथलं औषध प्रशासन सांगत राहिलं. लोकांचा विश्वास बसणं सोपं नव्हतं.

सुट्या सिगारेटीचं नाव निघालं म्हणून सांगते, आपल्याकडे 2020च्या आदेशानंतरही सुटी सिगारेट सर्रास मिळते. पाकीट परवडत नाही अशा पोराला एक गोळीची सिगारेट आणि ती पेटवायला ठेल्यावर टांगलेला लायटर, एवढं पुरतं. आदेश निघाला, पण त्याचा त्रास झालाच तर तो ठेलेवाल्याला, आणि तोही अधूनमधून. पाकिटात गोळी भरणारा कारखाना त्याच्या कक्षेतच नाही.

इथे कुणीतरी म्हणेल की बंदीने काही होत नाही, लोक पळवाटा काढतात. हे मला कुणी शिकवू नये. मी बंदीच्या जिल्ह्यातली बाई आहे. वर्ध्यात 1975पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत 1993पासून. चंद्रपुरात 2015ला आली आणि 2021ला उठलीसुद्धा. दारूबंदी असलेल्या गावात दारू कुठे मिळते हे शाळकरी पोरगंही सांगतं. तरीही आमच्याकडच्या बायका बंदी उठवू नका म्हणून मोर्चे काढतात, कारण उघड्या दुकानाने काय होतं तेही त्यांनी पाहिलेलं असतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

पण मोहाची दारू आणि फिल्टरमधली गोळी यांत एक फार मोठा फरक आहे. मोहफुलं जंगलात पडतात, मडकं घरात असतं, भट्टी नाल्याकाठी कुठेही लागते. खर्राही तसाच, सुपारी आणि तंबाखू मिळाला की घोटणारा हात हवा फक्त. अशा गोष्टींवरच्या बंदीला लाखो दारं राखावी लागतात आणि कुठलंच सरकार तेवढी दारं राखू शकत नाही. सिगारेटचं तसं नाही. देशातला कायदेशीर सिगारेटचा धंदा मोजक्या कंपन्यांच्या हातात आहे. त्यांचे कारखाने परवान्याचे आहेत, करखात्याचं त्यांच्यावर लक्ष असतं, पाकिटावरचं धोक्याचं चित्र 85 टक्के जागा घेणारं हवं म्हटलं तर सगळ्या कंपन्यांना ते छापावं लागलं. कुरकुर झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, पण छापावं लागलं. तेल गळत असेल तर फरशी पुसत बसण्यापेक्षा पिंपाची तोटी बंद करतात. इथे तोटी कुठे आहे ते पत्त्यासकट सरकारला माहीत आहे.

चोरटा माल येईल, हा पुढचा आक्षेप. येईल. आताही येतो. पण परदेशी चोरट्या पाकिटावर आपलं 85 टक्क्यांचं चित्र नसतं, त्यामुळे ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. आणि एक सांगा, चोरटा माल येतो म्हणून ई-सिगारेटची बंदी तुम्ही थांबवलीत का?

उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी भागातल्या मेंथा, म्हणजे मेंथॉलचा पुदिना, पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचं नाव मध्ये आणलं जाईल, म्हणून तेही उरकते. नैसर्गिक मेंथॉलमध्ये भारत जगात आघाडीवर आहे. ते टूथपेस्टमध्ये जातं, बाममध्ये, खोकल्याच्या गोळ्यांत, औषधांत जातं. माझा स्वतःचा धंदाही मेंथॉलच्या वासाशिवाय चालत नाही. निकोटीनची सवय सोडवणारं च्युइंगमही पुदिन्याच्या स्वादात येतं आणि ते खुशाल यावं. सवय सोडायला गोडी लावा, धरायला नको.

कॅनडाने 2017च्या ऑक्टोबरपासून देशभर मेंथॉलच्या सिगारेटी बंद केल्या. तिथल्या अभ्यासांत दिसलं की मेंथॉल ओढणाऱ्यांपैकी सिगारेट सुटणाऱ्यांचं प्रमाण साधी ओढणाऱ्यांपेक्षा जास्त होतं. युरोपीय संघात 20 मे 2020पासून बंदी लागू झाली. तिथे कंपन्यांनी काय केलं तर स्वादाची छोटी कार्डं बाजारात आणली, पाकिटात सरकवली की सगळ्या सिगारेटींना वास लागतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात 2022च्या अखेरीस बंदी आली, तर पुदिन्याचा वास नसलेली पण तसाच गारवा देणारी रसायनं घातलेल्या सिगारेटी आल्या. आपल्याकडे गुटख्याचं काय झालं आठवा. पानमसाल्याची एक पुडी, तंबाखूची एक पुडी, दोन्ही एकाच हुकावर टांगलेल्या, गिऱ्हाइकाने तोंडात एकत्र करायच्या. पळवाटीत आपण जगाच्या मागे नाही. मसुदा लिहिणाऱ्याने हे सगळं आधी समोर ठेवून लिहावं.

आता ओढणाऱ्याबद्दल. हा भाग मला सगळ्यात जास्त बोचतो.

आपल्या देशात नशेच्या पदार्थांचे दोन कायदे दोन स्वभावांचे आहेत. एक 1985चा एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांचा कायदा. त्याच्या कलम 27नुसार नुसतं सेवन हाच गुन्हा आहे. हेरॉईन, कोकेन असेल तर वर्षभरापर्यंत, बाकीच्या पदार्थांना सहा महिन्यांपर्यंत कैद. दुसरा 2019चा ई-सिगारेटचा कायदा. तो उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठा, जाहिरात या सगळ्यांना धरतो, उत्पादन-विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला वर्षभरापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतो, पण ओढणाऱ्या माणसाला शिक्षा सांगत नाही. म्हणजे ओढणाऱ्याला न पकडता वस्तू बंद करता येते, हे याच संसदेने कागदावर करून दाखवलं आहे.

पहिल्या स्वभावाच्या कायद्याने काय होतं ते मी ओळखीच्या एका घरात पाहिलं. कॉलेजातला मुलगा, खिशात चिमूटभर गांजा. गुन्हा नोंदला गेला. एनडीपीएसमध्येच कलम 64-अ आहे: थोड्या प्रमाणातल्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातल्या व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले तर त्याच्यावर खटला चालत नाही. हे त्या घराला कुणीही सांगितलं नाही, ना पकडणाऱ्याने, ना पहिल्या वकिलाने. त्याच्या आईने मला विचारलं ते भलतंच, ‘याच्या दातांवरून नोकरीच्या मेडिकलमध्ये कळेल का हो?’ मुलगा आजही तारखांना जातो. त्याचं व्यसन सुटलं की नाही, हा प्रश्न त्या सगळ्या धावपळीत कुणी विचारलेलाच नाही.

मला माझ्या भाच्याच्या बाबतीत हे नको आहे. दुसऱ्या कुणाच्याही भाच्याच्या बाबतीत नको आहे. गोळीची सिगारेट बंद व्हावी आणि ती ओढणारा उद्या पोलिसांच्या तावडीत सापडू नये, या दोन्ही गोष्टी मी एकाच दमात मागते आहे आणि त्यांत मला विसंगती दिसत नाही.

तर माझ्या मागण्या अशा.

केंद्राने कोटपात दुरुस्ती करून सिगारेट आणि बिडीत मेंथॉलसह कुठलाही स्वाद आणि गारवा देणारं कुठलंही रसायन घालायला मनाई करावी. ‘ठळक स्वाद’ असा मोघम शब्द नको, त्यावर वीस वर्षं वकील जेवतील. घटकावरच बंदी हवी, आणि ती तंबाखू, कागद, फिल्टर, गोळी, पाकीट या सगळ्यांना लागू हवी. स्वादाची सुटी कार्डं आणि वेगळ्या विकल्या जाणाऱ्या गोळ्याही त्यात यायला हव्यात.

केंद्राला वेळ लागत असेल तर महाराष्ट्राने थांबू नये. हुक्का पार्लरसाठी 2018मध्ये राज्याने स्वतः कोटपात दुरुस्ती केली होती. तोच रस्ता आहे.

शिक्षा कारखानदाराला, आयातदाराला आणि घाऊक विक्रेत्याला. जवळ बाळगणं आणि ओढणं हा गुन्हा होणार नाही, असं कायद्यातच स्पष्ट लिहावं, परिपत्रकात नको. परिपत्रक नाक्यावरच्या हवालदारापर्यंत पोचत नाही. ठेलेवाल्याला शिल्लक माल परत करायला ठरावीक मुदत द्यावी आणि तो माल परत घेण्याची जबाबदारी कंपनीची असावी.

बंदीच्या तारखेआधी सवय सोडवायची सोय उभी राहावी. पाकिटावर 1800-11-2356 हा क्विटलाइनचा नंबर 2018पासून छापलेला असतो, तो बहुतेकांना धोक्याच्या चित्राचाच भाग वाटतो. तो नंबर शाळा-कॉलेजांत, एसटी स्टँडवर, प्राथमिक आरोग्य केंद्रात मराठीत लावा. आणि आम्हा दातांच्या डॉक्टरांना त्यात धरा. तोंड रोज आम्ही बघतो, डाग आम्हाला आधी दिसतात. तालुक्याच्या ठिकाणी समुपदेशक नसेल तर आम्हाला शिकवा, आम्ही फुकट करू. मी तरी करीन.

शेवटची मागणी एनडीपीएसबद्दल. ती तुमच्या एकट्या खात्याची नाही हे मला कळतं, पण आरोग्य मंत्रालयाने तोंड उघडल्याशिवाय इतर खाती उघडणार नाहीत. थोड्या प्रमाणात सापडलेल्या प्रत्येकाला कलम 64-अची माहिती लेखी, त्याच्या भाषेत आणि पहिल्याच दिवशी देणं बंधनकारक करा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, असलेला वाचून दाखवायचा आहे.

या पत्राचं उत्तर मला हवं आहे. ‘आपलं पत्र संबंधित विभागाकडे पुढील कार्यवाहीसाठी पाठवण्यात येत आहे’ हे उत्तर माझ्याकडे आधीच्या दोन-तीन विषयांवरचं जमा आहे, त्यात आणखी एकाची भर नको. स्वादांचं कलम कोटपाच्या दुरुस्तीत घालणार की नाही, एवढंच कळवा. नाही म्हणालात तरी चालेल, फक्त कारण सोबत द्या, म्हणजे पुढच्या वेळी सुगंधी तंबाखूवरच्या बंदीचा आदेश निघेल तेव्हा ते शेजारी ठेवून वाचता येईल.

आपली,
वर्धा जिल्ह्यातली एक दंतवैद्य